ट्रेडबुकची सीएसव्ही ग्नूकॅशमध्ये घालायची स्क्रिप्ट: तारखा उलट्या पडालेत, काही सौदे गायब

वडगाव_माग

नमस्कार मंडळी. घरात दोन डिमॅट खाती आहेत, एक बाबांचं एक माझं, दोन्ही एकाच ब्रोकरकडं. दोन्हीचा हिशोब मी ग्नूकॅश ह्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवालोय. ब्रोकरच्या साईटवरनं ट्रेडबुक, म्हणजे झालेल्या सौद्यांची यादी, सीएसव्हीत (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी फाईल) उतरतं, ते ग्नूकॅशला सरळ पचत नाही म्हणून पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली, ती सीएसव्ही वाचते आणि ओएफएक्स फाईल (हिशोबाच्या प्रोग्रॅमला व्यवहार द्यायचा फॉर्मॅट) तयार करते, मग ती इम्पोर्ट करायची. शिवाय दिवसाचे जे चार्जेस असतात त्याची एक वेगळी छोटी सीएसव्ही पण तीच स्क्रिप्ट काढून देते.

आता अडचण अशी आहे की माझ्या खात्याचं सगळं नीट येतंय पण बाबांच्या खात्याचं काहीच जुळेना झालंय. काही सौद्यांच्या तारखा भलत्याच महिन्यात पडालेत, काही बरोबर आहेत. पहिल्या महिन्याची फाईल आत गेली पण पुढच्या महिन्यातले बरेच सौदे इम्पोर्टच्या यादीत दिसतच नाहीत, एरर पण काही येत नाही. इम्बॅलन्स-आयएनआर म्हणून एक खातं आपोआप तयार झालंय त्यात रक्कम वाढतच चाललीय. आणि रिलायन्सचे शेअर वजा २० दाखवालाय, म्हणजे जे कधी घेतलेच नाहीत ते विकलेत असा अर्थ होतो.

स्क्रिप्ट तीच, ब्रोकर तोच, मग एका खात्याला चालते आणि दुसऱ्याला का चालत नाही? मार्चएंडच्या आधी बाबांचा कॅपिटल गेनचा हिशोब ह्यातनंच काढायचा आहे म्हणून जरा घाई आहे. विंडोज, पायथॉन ३, ग्नूकॅशची फाईल एक्सएमएल.

जांबोटी_पाऊस

दोन्ही फाईली सारख्याच रस्त्यानं तुमच्याकडं येतात का? म्हणजे दोन्ही तुम्ही स्वतः डाऊनलोड करता की बाबांची दुसरं कोणी पाठवतं?

दोन्ही फाईली नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नको, आणि वरच्या तीन-चार ओळी इथं टाका. कंपनी, भाव, आयडीचे मधले आकडे झाकले तरी चालेल पण तारीख आणि ऑर्डर आयडीचा आकार दिसू दे.

वडगाव_माग

अक्का, तुम्ही विचारलं ते बरं झालं. बाबांच्या खात्याला ईमेल टॅक्सवाल्यांच्या ऑफिसचा लावलाय, खातं उघडलं तेव्हापासनंच तसं आहे, त्यामुळं ट्रेडबुक त्यांच्याकडं जातं आणि तिथला मुलगा मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. माझं मी स्वतः उतरवतो.

माझ्या फाईलची ओळ:

२०२४-०६-०४,एनएसई,ईक्यू,बाय,१०,(भाव),(ट्रेड आयडी),११००००००××××××××

बाबांच्या फाईलची त्याच दिवसाची ओळ:

६/४/२०२४,एनएसई,ईक्यू,बाय,२५,(भाव),(ट्रेड आयडी),१.१ई+१५

आणि त्याच फाईलमधली खालची एक:

६/१३/२०२४,एनएसई,ईक्यू,सेल,१५,(भाव),(ट्रेड आयडी),१.१ई+१५

जांबोटी_पाऊस

झालं, सापडलं. बाबांची फाईल एक्सेलमध्ये उघडून परत सेव्ह केलेली आहे. बहुतेक त्या मुलानं नुसतं बघायला म्हणून उघडली असेल आणि बंद करताना एक्सेलनं विचारलं तेव्हा सेव्हवर दाबलं असेल, एवढं पुरतं. तुमच्या चारपैकी दोन तक्रारी ह्यातनंच आल्यात, एकेक सांगते.

तारीख: ब्रोकर वर्ष-महिना-दिवस असं देतो, ते एक्सेल बरोबर ओळखतं. पण सीएसव्हीत परत लिहिताना एक्सेल त्या मशीनच्या विंडोजमध्ये जे रीजन लावलेलं असेल त्या पद्धतीनं तारीख लिहितं. तिथं इंग्लिश युनायटेड स्टेट्स असणार, नवीन लॅपटॉपवर बऱ्याचदा तसंच असतं, म्हणून महिना आधी दिवस नंतर. ६/४/२०२४ म्हणजे ४ जून. तुमची स्क्रिप्ट ते ६ एप्रिल समजालीय. आता मला सांगा, स्क्रिप्टमध्ये तारखेचे दोन-तीन फॉर्मॅट एकामागनं एक ट्राय करायची लिस्ट ठेवलीय ना? पहिला दिवस-महिना-वर्ष, तो नाही बसला की महिना-दिवस-वर्ष?

तसं असेल तर १ ते १२ तारखेचे सगळे सौदे उलटे पडणार, कारण दोन्ही पद्धतीनं वाचता येतात आणि पहिली पद्धत जिंकते (५ मे सारख्या तारखा तेवढ्या सुटतात). १३ पासनं पुढचे बरोबर पडणार कारण तेरावा महिनाच नाही, मग दुसरी पद्धत लागते. म्हणूनच तुम्हाला अर्धे बरोबर अर्धे चुकीचे दिसालेत. ६ एप्रिल २०२४ ला शनिवार होता, बाजार बंद होता, त्या दिवशी बाबांनी शेअर घेतलेत असं ग्नूकॅश दाखवत असेल बघा.

आयडी: ऑर्डर आयडी १६ आकडी आहे. एक्सेल आकडा म्हणून फक्त १५ आकडे खरे धरतं, त्यापुढचा शून्य करतं. आणि साधा जनरल फॉर्मॅट असला की एवढा लांब आकडा १.१ई+१५ असा दाखवतं आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच उतरतं. म्हणजे सगळ्या ऑर्डरींचा आयडी एकच झाला. तुमची स्क्रिप्ट ओएफएक्समधला एफआयटीआयडी (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) ऑर्डर आयडीवरनं बनवत असेल तर ग्नूकॅशच्या दृष्टीनं बाबांचा प्रत्येक सौदा हा आधी इम्पोर्ट झालेला सौदाच आहे. तो आयडी बघून डुप्लिकेट ठरवतो आणि गुपचूप गाळतो. एरर यायचं कारणच नाही, त्याचं काम तो बरोबर करालाय.

मोडलेल्या फाईलवरनं मूळ आयडी परत मिळणार नाही, ते आकडे गेलेच. ट्रेडबुक नव्यानं उतरवून घ्या.

वडगाव_माग

अक्का अगदी तसंच आहे, फॉर्मॅटची लिस्ट आहे आणि एफआयटीआयडी ऑर्डर आयडीच आहे. बाबांना विचारलं, ते म्हणाले व्हय, लोकसभेच्या निकालादिवशी बाजार धाडकन पडला तेव्हा घेतलेले ते, म्हणजे ४ जूनच. ग्नूकॅशमध्ये ६ एप्रिलला बसलेत. इतके महिने मी स्क्रिप्टमध्येच शोधालो होतो.

टिळकवाडी_क्रॉस

मग सोपा उपाय आहे की, स्क्रिप्टमध्ये घाला की तारीख शनिवार-रविवार निघाली तर एरर द्यायचा आणि दुसरा फॉर्मॅट घ्यायचा.

जांबोटी_पाऊस

तसं करू नका. एक तर उलटी झालेली तारीख दर वेळी शनिवार-रविवारीच पडेल असं नाही. ५ मार्च २०२४ उलटं केलं की ३ मे २०२४ होतं, दोन्ही कामाचे दिवस, तुमची चाळणी काही पकडणार नाही. दुसरं म्हणजे खरोखर शनिवार-रविवारी बाजार उघडा असतो कधी कधी. १२ नोव्हेंबर २०२३ ला रविवारी मुहूर्ताचे सौदे झाले, १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवारी बजेट म्हणून पूर्ण दिवस बाजार चालू होता. त्या दिवशीचा खरा सौदा तुमची स्क्रिप्ट उलटा करून ठेवेल.

शनिवार-रविवार दिसला तर स्क्रीनवर सूचना द्या, एवढ्यापुरतं ते ठीक आहे. फॉर्मॅट मात्र एकच ठेवा, वर्ष-महिना-दिवस, जो ब्रोकर देतो तो. त्यात बसलं नाही की ओळ क्रमांक सांगून स्क्रिप्ट तिथंच थांबली पाहिजे. पैशाच्या हिशोबात स्क्रिप्टनं अंदाज बांधायचा नसतो हे माझं ठाम मत आहे. थांबलेली स्क्रिप्ट दोन मिनिटांत कळते, चुकीचा अंदाज बांधून पुढं गेलेली वर्षभरानं रिटर्न भरताना कळते.

चिक्कोडी_सिस्टीम

ह्याच विषयावर आमच्याकडचा एक अनुभव सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. इथल्या बऱ्याच ऑफिसात विंडोजचं रीजन कन्नड इंडिया लावलेलं असतं, कारण सरकारी कागद कन्नडमध्ये करायचे असतात. तिथं एक्सेलमध्ये तारखेच्या कॉलमला दिवस-महिन्याचं नाव-वर्ष असा फॉर्मॅट दिला आणि सीएसव्ही केली तर महिन्याचं नाव फाईलमध्ये कन्नड लिपीत उतरतं. पायथॉनचं स्ट्रपटाईम (तारीख वाचणारं फंक्शन) इंग्रजी महिना शोधत बसतं आणि व्हॅल्यूएरर येतो. बघणाऱ्याला स्क्रीनवर तारीख बरोबर दिसते त्यामुळं त्याला पटतच नाही की फाईलमध्ये बिघाड आहे.

आणखी एक, बाबांची फाईल ऑफिसमधनं एक्सेलच्या 'सीएसव्ही यूटीएफ-८' पर्यायानं सेव्ह झाली असेल तर फाईलच्या सुरवातीला बीओएम म्हणून न दिसणारी खूण बसते. पहिल्या कॉलमच्या नावाला ती चिकटते आणि कीएरर येतो, कॉलम समोर दिसतोय तरी पायथॉन नाही म्हणतं. ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, खूण असली तर काढून टाकतं, नसली तरी काही बिघडत नाही.

आरपीडी_कट्टा

एक्सेलला एवढं बदनाम करायची गरज नाही असं मला वाटतं. डबल क्लिक करून न उघडता डेटा टॅबमधनं फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही नं घेतलं आणि आयडीचे कॉलम टेक्स्ट म्हणून निवडले तर एक आकडा हलत नाही. आमच्या ऑफिसात रोज तसंच करतात. आणि खरं सांगू का, एवढी दोन खाती आहेत तर ग्नूकॅश तरी कशाला पाहिजे, एका शीटमध्ये खरेदी-विक्री लिहिली की झालं.

निपाणी_खतावणी

आरपीडी कट्टा, तुमचं पहिलं म्हणणं बरोबर आहे, दुसऱ्याशी मी सहमत नाही.

मी निपाणीच्या एका सोसायटीत उभं आयुष्य कीर्द-खतावणी लिहिली. कॉम्प्युटर आला तो मी रिटायर व्हायच्या बेतात असताना. पण हिशोबाचा नियम तोच आहे, एकीकडं जमा झालं की दुसरीकडं नावे पडलंच पाहिजे. शीटमध्ये तुम्ही ५०,००० ची खरेदी लिहाल, बँकेतनं मात्र ५०,०५९ गेलेले असतील, आणि ते वरचे ५९ कुठं गेले हे शीट विचारणार नाही. ग्नूकॅश विचारतं. त्याला दुसरी बाजू सापडली नाही की ते इम्बॅलन्स खात्यात टाकून तुमच्या समोर धरतं. वडगावच्या भाऊंची तिसरी तक्रार तीच आहे ना?

भाऊ, तुमची चार्जेसची जी वेगळी सीएसव्ही आहे तिच्यात समोरचं खातं दिलंय का? ब्रोकर खात्यातनं रक्कम कमी झाली हे लिहिलं असेल, पण ती कोणत्या खर्चाला नावे टाकायची हे लिहिलंय का?

वडगाव_माग

काका, नाही दिलंय. तारीख, वर्णन आणि रक्कम एवढेच तीन कॉलम आहेत. म्हणजे इम्बॅलन्समध्ये साठलंय ते सगळं चार्जेसचंच आहे का? आणि चार्जेस मी स्क्रिप्टमध्येच टक्केवारीनं काढतो, ट्रेडबुकमध्ये ते येत नाहीत. तिथं पण पैशापैशाचा फरक पडालाय.

निपाणी_खतावणी

बहुतेक सगळं तेच असणार. खाती अशी पाडा. मालमत्तेत एक 'ब्रोकर' खातं, त्यात बँकेतनं पैसे जमा होतात, खरेदीला त्यातनं जातात, विक्रीचे त्यात येतात. खर्चात एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर) स्वतंत्र आणि बाकीचे चार्जेस स्वतंत्र. मग रोजच्या नोंदीनंतर ब्रोकर खात्याची शिल्लक आणि ब्रोकरच्या लेजर स्टेटमेंटची शिल्लक एक यायला पाहिजे. ती आली की समजायचं नोंद पुरी झाली.

टक्केवारी का जुळत नाही ते एका उदाहरणानं दाखवतो. समजा एनएसईवर ५०,००० रुपयांची डिलिव्हरी खरेदी आहे आणि ब्रोकरेज शून्य. एसटीटी ०.१ टक्का म्हणजे ५० रुपये. स्टॅम्प ड्यूटी खरेदीवर ०.०१५ टक्के म्हणजे ७.५०. एक्स्चेंजचा चार्ज १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.००२९७ टक्के, म्हणजे १.४९. सेबीची फी कोटीला १० रुपये, म्हणजे ५ पैसे. ब्रोकरेज, एक्स्चेंज चार्ज आणि सेबी फी ह्या तिघांवर मिळून १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८ पैसे. एकूण ५९.३२. आता एसटीटी पूर्ण रुपयात गोळा करतात, आणि तो दिवसाच्या एकूण सौद्यांवर होतो, प्रत्येक ओळीवर नाही. तुम्ही ओळीओळीनं काढून बेरीज केली की फरक पडणारच. शिवाय दर अधूनमधून बदलतात, जुन्या सौद्यांना नवे दर लागले की आणखी घोळ.

म्हणून चार्जेस काढू नका, ब्रोकर सौद्यांची जी कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवतो तिच्यावर छापलेले घ्या. कॉन्ट्रॅक्ट नोट हाच खरा कागद. ट्रेडबुक ही नुसती सौद्यांची यादी आहे.

एसटीटी वेगळा का ठेवायचा, तर कॅपिटल गेन काढताना एसटीटी खर्च म्हणून वजा धरता येत नाही. ब्रोकरेज, स्टॅम्प ड्यूटी धरता येते. दोन्ही एकाच खात्यात टाकले तर मार्चएंडला परत उपसत बसावं लागतं.

जांबोटी_पाऊस

काकांच्या बोलण्याला जोडून स्क्रिप्टच्या बाजूनं सांगते. रकमा फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश) ठेवल्या असतील तर त्या डेसिमलमध्ये (अचूक दशांश) घ्या, आणि डेसिमलला आकडा द्यायचा तो सीएसव्हीतली मूळ स्ट्रिंग म्हणून, फ्लोट करून नंतर डेसिमल नको. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटी राहते. त्यामुळं दोन बाजू तंतोतंत जुळत नाहीत. आणि लेजर स्टेटमेंट वाचणार असाल तर तिथं १,२५,०००.०० असे स्वल्पविराम असतात, ते आधी काढा नाहीतर व्हॅल्यूएरर येईल.

एफआयटीआयडी एकट्या ऑर्डर आयडीवर बांधू नका. फाईल चांगली असली तरी ते चुकतंच. एक ऑर्डर दोन-तीन तुकड्यांत पुरी होते तेव्हा ऑर्डर आयडी एकच आणि ट्रेड आयडी वेगवेगळे, म्हणजे तुकडे गाळले जाण्याची भीती. एकट्या ट्रेड आयडीवर पण नको, दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या एक्स्चेंजवर तोच आकडा येऊ शकतो. तारीख, एक्स्चेंज, आयएसआयएन (प्रत्येक शेअरचा ठरलेला कोड), ट्रेड आयडी हे चारही जोडून एक स्ट्रिंग करा. आणि आयडीमध्ये 'ई+' सापडलं की स्क्रिप्टनं फाईल सरळ नाकारायची, त्याच एका तपासणीनं एक्सेलमधनं आलेली बहुतेक फाईल दारातच अडकेल.

बाबांचा आणि तुमचा ओएफएक्समधला अकाऊंट आयडी वेगळा आहे ना ते पण बघा. ग्नूकॅश त्याच्यावरनं ठरवतं कुठल्या खात्यात टाकायचं. एकच लिहून ठेवला असेल तर दोघांचे सौदे एकत्र होतील.

वडगाव_माग

अकाऊंट आयडी वेगळा आहे, फाईलच्या नावावरनं घेतो. बाकीचं सगळं तुम्ही म्हणालात तसंच चुकीचं होतं.

आज बाबांच्या लॉगिननं मीच ट्रेडबुक उतरवलं, उघडलं नाही, सरळ स्क्रिप्टला दिलं. तारखा सगळ्या जागेवर. पण नवीनच अडचण, महिंद्राच्या सौद्यापाशी ओएफएक्स वाचताना गडबड होतीय, त्याच्या पुढचे येईनात. आणि जे आधी चुकीचे आत गेलेत ते कसे काढायचे? एकेक शोधून डिलीट करत बसू का?

जांबोटी_पाऊस

महिंद्राच्या सिम्बॉलमध्ये, म्हणजे बाजारातल्या छोट्या नावात, & हे चिन्ह आहे. ओएफएक्स आतनं एक्सएमएलच्याच धर्तीची असते, आणि एक्सएमएलमध्ये ते सुटं लिहून चालत नाही कारण तिथं त्याला वेगळा अर्थ असतो. पायथॉनच्या एक्सएमएल सॅक्स युटिल्समध्ये एस्केप नावाचं फंक्शन आहे, सिम्बॉल आणि कंपनीचं नाव त्याच्यातनं काढून मगच फाईलमध्ये लिहा. नावात ते चिन्ह असलेली कुठलीही कंपनी तुम्हाला अडवेल, महिंद्रा पहिली आली एवढंच.

सिम्बॉलचा विषय निघालाच आहे तर, सिक्युरिटी ओळखायला सिम्बॉल वापरूच नका, आयएसआयएन वापरा. झोमॅटोचं २०२५ मध्ये इटर्नल झालं, सिम्बॉल बदलला, आयएसआयएन तोच राहिला. सिम्बॉलवर चालणारी स्क्रिप्ट त्याला दोन कंपन्या समजेल. उलट बाजू पण लक्षात असू दे, शेअर स्प्लिट होऊन दर्शनी किंमत बदलली की आयएसआयएन बदलतो, एचडीएफसी बँकेचा २०१९ च्या स्प्लिटला असाच बदलला. त्यामुळं जुना-नवा आयएसआयएन जोडणारा एक छोटा तक्ता हातानं ठेवावा लागतो, त्याला इलाज नाही.

जुन्या नोंदी डिलीट करत बसू नका. तुमची फाईल एक्सएमएल आहे म्हणालात, ग्नूकॅश प्रत्येक सेव्हला त्याच फोल्डरमध्ये तारीख-वेळ नावात असलेली बॅकअप ठेवतं, ठरलेले ३० दिवस राहतात जर सेटिंग बदललं नसेल. बाबांची पहिली चुकीची फाईल घालायच्या आधीची शोधा, कॉपी करून दुसऱ्या नावानं उघडा, तिच्यात नव्यानं इम्पोर्ट करा. तेवढी जुनी नसेल तर बाबांचं ब्रोकर खातं आणि त्याखालची शेअरखाती मोकळी करून सुरवातीपासनं घाला, ट्रेडबुक तर पूर्ण मिळतंच.

आरपीडी_कट्टा

रिलायन्स वजा २० चं राहिलंच की. ते बोनसचं असणार. रिलायन्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागं एक फुकट, रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्यांच्याकडं शेअर त्यांना बोनस) २८ ऑक्टोबर. बाबांकडं २० असतील तर ४० झाले, आणि ४० विकले असतील. बोनस हा सौदा नाही म्हणून ट्रेडबुकमध्ये येत नाही.

वडगाव_माग

व्हय, २० होते आणि नंतर ४० विकले. बाबांना बोनसचं आठवत होतं, मलाच सांगायचं राहिलं होतं त्यांचं. मग हे आत कसं घ्यायचं, स्क्रिप्टमधनं २० ची शून्य भावानं खरेदी दाखवू?

निपाणी_खतावणी

खरेदी दाखवू नका, पैसे कुठं गेलेच नाहीत. ग्नूकॅशच्या अ‍ॅक्शन्स मेनूत स्टॉक स्प्लिट म्हणून आहे, त्यात रेकॉर्ड डेटच्या सुमाराची तारीख देऊन शेअर २० ने वाढवा, रकमेचा रकाना रिकामा. मूळ खरेदीची किंमत तशीच राहते, नग तेवढे वाढतात.

पण टॅक्सचा हिशोब करताना ती किंमत ४० वर वाटायची नाही. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि मुदत वाटप झालेल्या तारखेपासनं मोजतात. मूळ २० ची किंमत पूर्ण त्या २० वरच. डिमॅटमध्ये आधी आलेला आधी गेला असं धरतात, म्हणजे विक्रीत पहिले २० जुने आणि पुढचे २० बोनसचे. विकताना बोनसला बारा महिने झाले नसतील तर त्या २० चा सगळा पैसा शॉर्ट टर्म होतो, आणि जुन्यांना बारा महिने उलटले असतील तर त्यांचा लाँग टर्म. २३ जुलै २०२४ पासनंच्या विक्रीला शॉर्ट टर्म २० टक्के, लाँग टर्म १२.५ टक्के, आणि लाँग टर्ममध्ये वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही. एवढा फरक पडतो म्हणून ही तारीख नीट बघा.

डिमर्जरला, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी होतो तेव्हा, पण हीच काळजी घ्या. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसीच्या दहा शेअरमागं आयटीसी हॉटेल्सचा एक आला. बाबांकडं आयटीसी असेल तर ते हॉटेल्सचे शेअर ट्रेडबुकमध्ये येणार नाहीत, विकले की परत वजा दिसतील. तिथं मात्र मूळ किंमत दोघांत वाटायची असते, कंपनी त्याचं प्रमाण जाहीर करते.

हे सगळं वेळेवर कळायला एक सवय लावा. एनएसडीएल-सीडीएसएलचं जे एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतं, कॅस म्हणतात ते, त्यातले नग आणि ग्नूकॅशमधले नग शेजारी ठेवून बघायचे. ट्रेडबुकमध्ये जे नाही ते तिथं असतं. आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी कॅश मोजून कीर्दीशी जुळल्याशिवाय कुलूप लागत नव्हतं, तसं हे.

चिक्कोडी_सिस्टीम

कॅसची पीडीएफ पॅन नंबरनं उघडते, अक्षरं मोठी. बाबांच्या खात्याला ईमेल ऑफिसचा आहे म्हणालात तर ते स्टेटमेंट पण तिकडंच जात असणार. सगळ्यात आधी ईमेल आणि मोबाईल बाबांचा लावून घ्या. हिशोबापेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, सौदा झाल्याचा मेसेज खातेदाराला गेला पाहिजे, तिसऱ्याला नाही.

वडगाव_माग

चिक्कोडी दादा, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. काल बाबांना घेऊन बसलो, ब्रोकरच्या अ‍ॅपमधनं ईमेल-मोबाईल बदलायचा अर्ज टाकला, आधारचा ओटीपी लागला, मंजूर झालाय. टॅक्सवाल्यांना लागेल तेव्हा आम्ही मूळ फाईल झिप करून पाठवू असं त्यांना सांगितलंय, त्यांना पण पटलं.

कालच्या पावसात लाईट ये-जा करत होती तरी रात्री स्क्रिप्ट पुरी केली. आता असं करतो: डाऊनलोड झालेली फाईल 'मूळ' नावाच्या फोल्डरात जाते आणि तिला रीड-ओन्ली करतो. स्क्रिप्ट तारीख एकाच फॉर्मॅटमध्ये घेते, आयडीत 'ई+' दिसलं की थांबते, एफआयटीआयडी चार गोष्टी जोडून, सगळं डेसिमलमध्ये, नावं एस्केप करून. चार्जेसची सीएसव्ही कॉन्ट्रॅक्ट नोट बघून मी हातानं भरतो, दिवसाला एक नोंद, समोरच्या खात्यासकट. जूनपासनं पुढचं बाबांचं सगळं परत घातलं. रिलायन्सचे नग शून्य आले, बरोबर आहे, सगळे विकलेतच. आयटीसी पण निघाले बाबांकडं ५०, म्हणजे हॉटेल्सचे ५ आहेत, ते कॅसमध्ये दिसले, वाटप कंपनीच्या कागदावरनं करतो.

इम्बॅलन्स खातं शून्यावर आलं. ब्रोकर खात्याची शिल्लक पण लेजरशी जुळली.

एकच राहिलंय. बँकेत डिव्हिडंड येतो तो ब्रोकर खात्यातनं येतच नाही, सरळ बँकेत. एका कंपनीचा १२,००० जाहीर झालाय पण बँकेत १०,८०० जमा आहेत. ते १,२०० कुठं धरायचे?

निपाणी_खतावणी

टीडीएस आहे तो, म्हणजे आधीच कापलेला कर, १० टक्के. २०२५-२६ पासनं एका कंपनीचा वर्षाचा डिव्हिडंड १०,००० च्या वर गेला की कापतात, आधी ही मर्यादा ५,००० होती. नोंद तीन ओळींची करा. डिव्हिडंड उत्पन्नात जमा पूर्ण १२,०००, बँक नावे १०,८००, आणि मालमत्तेत 'येणे टीडीएस' म्हणून खातं पाडून त्यात नावे १,२००. खर्चात टाकू नका, तो पैसा बाबांच्या रिटर्नमध्ये वळता होतो. २६एएस (कापलेला कर दाखवणारं आयकर खात्याचं पत्रक) उघडून तिथं तेवढाच दिसतोय का बघा, दिसत नसेल तर कंपनीच्या रजिस्ट्रारला लिहावं लागेल.

वडगाव_माग

२६एएसमध्ये १,२०० दिसतोय काका. नोंद केली, बसली.

अक्का, काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रिप्ट साफ करून, खात्याचे नंबर वगैरे काढून, इथंच पुढच्या प्रतिसादात टाकतो. बीएसईचे सौदे माझ्याकडं नाहीत, ज्यांच्याकडं असतील त्यांनी चालवून बघून सांगा.

टिळकवाडी_क्रॉस

माझ्याकडं बीएसईचे आहेत, टाका की, रविवारी बघून सांगतो.